बारादरीतला पाहुणा आणि बांधावरचा पाहुणा

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे वार्षिकाच्या अंकासाठी लिही असे सरांनी सांगितले, तेव्हा आधी छाती दडपली. कथा जमत नाही, कविता तर त्याहून नाही. पण गेले वर्षभर एक विचार डोक्यात घोळतो आहे. तो जसा आहे तसा मांडतो. पटला नाही तर मित्रांनी जरूर भांडावे.

सुरुवात झाली इंग्रजीच्या तासाला. शिकवण्याच्या ओघात सरांनी पीटर मेल नावाच्या एका इंग्रज लेखकाची गोष्ट सांगितली. हा गृहस्थ शहरातली नोकरी सोडून फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात मेनेर्ब नावाच्या खेड्याजवळ जाऊन राहिला. जुने घर घेतले, ते दुरुस्त करताना गवंड्यांनी त्याला कसे रखडवले, शेजारी कसा भेटला, काय खाल्ले, काय प्यायले, असे सगळे त्याने लिहून काढले. ते पुस्तक 1989 साली निघाले आणि अतोनात खपले. ते वाचून त्या भागात प्रवाशांची एवढी रीघ लागली की पुढे काही काळ त्यालाच तिथून मुक्काम हलवावा लागला! आजही कितीतरी इंग्रज कुटुंबे फ्रान्सच्या खेड्यांत राहतात. 31 जानेवारी 2020 रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले, आणि इतकी वर्षे बिनघोर राहणाऱ्या या मंडळींना त्याच गावात राहण्यासाठी परवान्याचे कार्ड काढणे भाग पडले.

वर्गात सगळे हसले. पाठीमागून कोणीतरी म्हणाले, "सर, खेड्यात राहण्यासाठी माणूस परदेशी जातो? आम्ही तर खेड्यातून सुटायला कॉलेजात आलो!" मीही हसलो. पण घरी जाताना एस. टी.त बसल्यावर एकदम आठवले, की असा एक गोरा माणूस आपल्याकडेही होऊन गेला आहे. अन् तोही पाच-दहा वर्षे नव्हे, काही काळ वगळता जवळजवळ पस्तीस वर्षे!

तो म्हणजे रॉबर्ट गिल. अजिंठ्याची लेणी आपल्याच सोयगाव तालुक्यात येतात, हे बाहेरच्यांना सोडा, आपल्यातल्या अनेकांनाही ठाऊक नसते. 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि त्याला ही लेणी दिसली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपले नाव कोरून ठेवले, ते अजून तिथे आहे. पुढे 1844 साली ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास फौजेतल्या गिलची नेमणूक लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी केली. लेण्यांपासून दहा-अकरा किलोमीटरवर घाटमाथ्यावर अजिंठा गाव आहे. तिथल्या बारादरीत त्याने बिऱ्हाड थाटले. तिथून घाट उतरून वाघूर नदीच्या खोऱ्यात यायचे, वटवाघळांनी भरलेल्या अंधाऱ्या लेण्यांत उभे राहून मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत नकला उतरवायच्या, हा त्याचा वर्षानुवर्षांचा उद्योग. त्या नकला लंडनला गेल्या, तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि 1866 साली आगीत बहुतेक सगळ्या जळून खाक झाल्या. तोवर गिलने कॅमेरा हाती घेतला होता. त्याची छायाचित्रे फर्ग्युसनच्या मजकुरासह 1864 साली पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाली होती. 1879 साली तो वारला. भुसावळला त्याची कबर आहे.

एवढी चिकाटी कौतुकाचीच आहे, ती मी नाकारत नाही. आयुष्यभराची मेहनत एका आगीत गेली, हे वाचून कोणाचेही मन हळहळेल.

पण गिलची गोष्ट आपल्याकडे अशी सांगितली जात नाही. ती सांगितली जाते गिल आणि पारोची प्रेमकहाणी म्हणून. अजिंठा गावात पारोची कबर आहे. तिच्या दगडावर इंग्रजीत तिला 'लाडकी' म्हटले आहे आणि मृत्यूची तारीख दिली आहे, 23 मे 1856. याच कहाणीवर आपल्या तालुक्याचे कवी, पळसखेड्याचे ना. धों. महानोर यांनी 'अजिंठा' ही दीर्घ कविता लिहिली आणि नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2012 साली चित्रपट काढला. दोन्ही आपापल्या जागी मोठ्या कलाकृती आहेत. माझे भांडण त्यांच्याशी नाही. माझे भांडण आपल्याशी आहे.

गिल कोण होता, कुठल्या फौजेत होता, कोणत्या साली आला, सगळे कागदावर आहे. पारो कोण होती? तिचे आईबाप कोण? घरात तिला याच नावाने हाक मारत का? ती बारादरीत गेली तेव्हा गावाने काय म्हटले, भावकीने वाळीत टाकले की मिरवले? यातले काही कोणी लिहून ठेवले नाही. तिच्याबद्दल दगडावर जे कोरले आहे ते गिलच्या भाषेत, तिला स्वतःला वाचता येणार नाही अशा अक्षरांत! अन् तिचेच कशाला? पस्तीस वर्षे गिलला पाणी कोणी भरले? भाकरी कोणी थापली? पावसाळ्यात घाटातून तो कॅनव्हास कोणी वाहिला? एकट्या साहेबाच्या डोक्यावरून तर तो उतरला नसेल. ते हात आपल्याच आज्या-पणज्यांचे असणार. त्यांची नावे नाहीत.

हे मला का टोचते, ते सांगतो. माझे वडील लेण्यांवर डोली वाहतात. ज्याला पायऱ्या चढवत नाहीत अशा प्रवाशाला खुर्चीत बसवायचे आणि चौघांनी खांद्यावर घ्यायचे. मी लहानपणापासून बाबांचा डावा खांदा पाहतो, त्यावर घट्टा पडला आहे. गोरे पाहुणे फोटो काढतात. अशा कितीतरी फोटोंत बाबा असतील. जपानात, फ्रान्समध्ये, अमेरिकेत, कुणाच्या ना कुणाच्या घरी. त्यांचे नाव मात्र एकाही फोटोखाली नसेल.

इथपर्यंत वाचून वाटेल, की हा मुलगा गोऱ्यांना नावे ठेवण्यासाठी लिहितो आहे. तसे नाही. आता दुसरी बाजू सांगतो, ती अधिक अवघड आहे.

आपल्या तालुक्यात आजही परमुलखातून माणसे येऊन राहतात. कपाशी वेचायला आली म्हणजे सातपुड्याकडून, मध्य प्रदेशाच्या हद्दीतून पावरा, बारेला कुटुंबे येतात. काही वेचणीपुरती, तर काही सालदार म्हणून. आखाजीला साल ठरते आणि पुढच्या आखाजीपर्यंत ते कुटुंब मालकाच्या शेतात राहते. त्यांची बोली वेगळी, सणवार वेगळे, देव वेगळे. म्हणजे व्याख्येने पाहिले तर तेही परदेशीच! पण गिलला बारादरी मिळाली आणि यांना बांधावरचे खोपटे. गिल गावातून निघाला की लोक बाजूला होत असतील. हे बाजाराला आले की आपण बाजूला होतो, पण नाक मुरडून. गोरा पाहुणा मोडके मराठी बोलला की आपण टाळ्या पिटतो. पावरा बाई मोडके मराठी बोलली की तिची नक्कल करून हसतो. मीही हसलो आहे, खोटे कशाला बोलू?

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर झाले. आम्हाला वस्त्यांची पाहणी करायला पाठवले. हातात फॉर्म, खिशात पेन, छातीवर बिल्ला. एका शेतातल्या खोपटाशी गेलो. बाई चूल फुंकत होती. दोन लेकरे कपाशीच्या ढिगावर झोपली होती. मी विचारत गेलो, नाव काय, माणसे किती, शिकलेले किती, आजारी पडल्यावर कुठे जाता. ती सांगत होती, मी लिहीत होतो. सगळे झाल्यावर तिने विचारले, "लिहून कुठं नेतो?"

मी म्हणालो, "कॉलेजात."

"मग?"

या 'मग'ला माझ्यापाशी उत्तर नव्हते. फॉर्म जमा झाला, अहवाल झाला, शाबासकीही मिळाली. त्या बाईची लेकरे शाळेत गेली का, हे मात्र मला माहीत नाही, कारण मी परत गेलोच नाही. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या वाटले, अरे, आपणच गिल! आलो, नक्कल उतरवली आणि घेऊन गेलो.

मित्रहो, आपण कॉलेजात शिकणारी पोरे हळूहळू आपल्याच गावात परदेशी होत चाललो आहोत. बाबा मला कधी कधी चेष्टेने 'साहेब' म्हणतात. चेष्टा असते, पण तिच्यात थोडी भीतीही असते. मी गावातल्या भाषेची चूक काढतो, पंगतीत वाढायला कंटाळतो, पारावर बसलेल्यांकडे अभ्यासाच्या विषयासारखे पाहतो. माय म्हणते, "शिकून मोठा हो अन् इथून निघ." प्रत्येकाची माय हेच म्हणते. त्यात तिची चूक नाही, तिने जे भोगले त्यातून ती बोलते. पण निघायचेच आहे म्हणून आज गावात पाहुण्यासारखे राहायचे का?

मी बाबांना एकदा विचारले, बाहेरचा माणूस गावचा कधी होतो? ते पटकन म्हणाले, "गावातल्या मयताला खांदा दिला की झाला." मला हे कोणत्याही व्याख्येपेक्षा मोठे वाटते. घर घेतल्याने, वर्षे मोजल्याने, पुस्तक लिहिल्याने माणूस गावचा होत नाही. गावाचे ओझे आपल्या खांद्यावर घेतले की होतो. गिलने पारोला मूठमाती दिली, तिच्यावर दगड उभा केला, तेव्हा निदान त्या एका दिवसापुरता तो अजिंठ्याचा झाला असेल, असे मी मानतो. तेवढे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

आता कोणी म्हणेल, सालदाराला साल मिळते, वेचणाऱ्याला मजुरी मिळते, आणखी काय हवे? एका मित्राने मला हेच ऐकवले. त्याला माझे उत्तर असे, की मजुरी हा कामाचा मोबदला झाला. शेजारधर्म मजुरीत मोजत नाहीत. लेण्यांवर येणारा प्रवासीही डोलीचे पैसे देतोच. तरी उतरल्यावर एखादा बाबांना नाव विचारतो आणि त्या दिवशी बाबा घरी येऊन ते दोनदा सांगतात.

नुसता उपदेश करून थांबू नये, म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली, इतिहास विभागाने अजिंठा, फर्दापूर, लेणापूर या गावांतील म्हाताऱ्या माणसांकडून पारोबद्दल, डोलीवाल्यांबद्दल, लेण्यांत राबलेल्यांबद्दल जे कानोकानी चालत आले आहे, ते टिपून ठेवावे. खरे-खोटे नंतर पारखता येईल. माणसे गेली तर ते सांगणारे कोणी उरणार नाही. दुसरी, राष्ट्रीय सेवा योजनेने ऐन वेचणीच्या दिवसांत वस्त्यांवरच्या लेकरांसाठी संध्याकाळचा वर्ग चालवावा, आणि शिकवणाऱ्यांनी त्यांच्या बोलीतले शंभर शब्द आधी स्वतः शिकावेत. तिसरी, ज्या घराची पाहणी आपण करतो त्या घरी अहवाल झाल्यावर परत जावे, आणि काय लिहिले ते वाचून दाखवावे. तिसऱ्या गोष्टीला तर पैसाही लागत नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी सायकल काढून त्या शेतावर गेलो होतो. खोपटे रिकामे होते. वेचणी संपली होती, कुटुंब निघून गेले होते. चुलीचे तीन दगड तेवढे होते. मालकाला नाव विचारले, तर तो म्हणाला, "नाव कशाला? पावरे होते." माझ्या फॉर्मवर त्या बाईचे नाव आहे, पण फॉर्म आता माझ्याजवळ नाही. शिबिराच्या फाईलमध्ये तो असेल. पुढच्या आठवड्यात सरांकडे ती फाईल मागणार आहे. आणि यंदा कपाशी फुटली, की पुन्हा त्या बांधावर जाणार आहे. ज्याला सोबत यायचे असेल, त्याने यावे.