आधी दगड, मग सुरी

बकरी ईद जवळ आली की घरोघरी सुऱ्या बाहेर निघतात. धार लावायची आठवण सर्वांना होते. ज्या दगडावर धार लावायची, त्याच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. म्हणून या महिन्यात आम्ही दगडाविषयीच लिहीत आहोत.

सहीह मुस्लिममध्ये हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस आहे. जबह करणाऱ्याने सुरीला चांगली धार लावावी आणि जनावराला आराम द्यावा, अशी प्रेषित (स.) यांची ताकीद आहे. सुरी बोथट राहिली तर त्रास त्या मुक्या जिवाला होतो.

आपल्याकडचा दगड बहुधा कार्बोरंडमचा असतो. एक बाजू खरखरीत, दुसरी बारीक. नेहमी मधोमध घासल्याने तो खोलगट होतो. अशा दगडावर पात्याचा कोन सारखा बदलतो आणि धार गोल होते. दगडावर लोखंडी पट्टी उभी धरून पाहा. पट्टीखालून उजेड दिसला तर दगड झिजला आहे असे समजावे.

तो सपाट करणे घरी जमते. दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा ओढा. सपाट फरशीवर 120 नंबरचा पाण्यात चालणारा पॉलिश पेपर ठेवा, पाणी शिंपडा आणि दगड गोल-गोल घासा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. शेवटी त्याच्या कडा किंचित घासून घ्या, म्हणजे टवके उडत नाहीत.

आता ओलाव्याचे. पाणी किंवा तेल हे लोखंडाचा कीस वाहून नेण्यासाठी असते. कोरड्या दगडाची छिद्रे त्या किसाने बुजतात, दगड काळा गुळगुळीत होतो आणि सुरी नुसती घसरते. खाण्याचे तेल मात्र वापरू नका; ते सुकून चिकट होते. शिलाई मशीनचे पातळ तेल चालते. एकदा तेल लावलेला दगड पाणी नीट धरत नाही, म्हणून आधीच एक काय ते ठरवा. आमचा सल्ला पाण्याचा. खरखरीत बाजू बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा, बारीक बाजूवर शिंपडले तरी पुरे.

हे काम ईदच्या आठवडाभर आधी उरका. धार बोटाने तपासू नका, कागद कापून पाहा. सुरी साबणाने धुऊन, कोरडी करून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. आणि जनावरासमोर धार लावू नका.