पावलीच्या नाण्यावरचा डोलारा

१९७२ साली कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथील एका मद्यालयात अटारी कंपनीने ‘पाँग’ या खेळाचे एक यंत्र मांडले. थोड्याच दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली. तपासणीस गेलेल्या अभियंत्यास यंत्रात बिघाड आढळला नाही. नाण्यांचे पात्र तेवढे काठोकाठ भरले होते. पंचवीस सेंटांचे ते नाणे, म्हणजे अमेरिकेची पावली. पुढील दशकात त्या पावलीवर एक प्रचंड धंदा उभा राहिला, आणि तो ढासळला तोही बऱ्याच अंशी त्याच पावलीमुळे.

या धंद्याला छप्पर मिळाले ते शॉपिंग मॉलचे. व्हिएन्नाहून आलेल्या व्हिक्टर ग्रुएन या वास्तुरचनाकाराने १९५६ मध्ये मिनेसोटातील साउथडेल हा संपूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उभारला. उपनगरांना गावचौक मिळावा, हा त्याचा हेतू. परंतु १९५४ च्या करकायद्याने नव्या इमारतींवर घसाऱ्याची भरघोस सवलत दिली होती, त्यामुळे चौकापेक्षा गुंतवणूक म्हणूनच मॉल झपाट्याने वाढले. त्यांचे गणित सरळ होते : मोठ्या भांडारांना नाममात्र भाड्याने आणून बसवायचे आणि लहान दुकानांकडून चौरस फुटामागे जबर भाडे, शिवाय विक्रीतील वाटा घ्यायचा. अशा मालकास व्हिडिओ खेळांचे दालन म्हणजे घबाडच! माल साठवायचा नाही, नोकर एकदोन, जागा एखादा अंधारा कोपरा, आणि नाणी मात्र दिवसभर पडत राहणार. पिनबॉलवर जुगाराचा शिक्का होता. न्यूयॉर्क शहरात तर तो १९४२ पासून १९७६ पर्यंत निषिद्ध होता. ‘अॅलाडिन्स कॅसल’सारख्या साखळी दालनांनी मॉलच्या देखरेखीत बसून तो कलंक पुष्कळसा धुऊन काढला. १९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि १९८० चा ‘पॅकमॅन’ हे जपानी खेळ आले आणि ‘टाइम’ साप्ताहिकाच्या अंदाजाप्रमाणे १९८१ या एका वर्षात अमेरिकनांनी या यंत्रांत २० अब्ज नाणी, म्हणजे ५ अब्ज डॉलर, टाकले.

वडीलधाऱ्यांचा रोष ओढवणे मग क्रमप्राप्तच होते. टेक्सासमधील मेस्किट शहराने पालकांवाचून येणाऱ्या १७ वर्षांखालील मुलांना बंदी केली आणि तो वाद १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील मार्शफील्ड गावाने अशी यंत्रेच निषिद्ध ठरविली. ती बंदी २०१४ साली उठली! देशाचे सर्जन जनरल कूप यांनीही खेळांच्या व्यसनाबद्दल चिंता बोलून दाखविली, आणि लगोलग आपल्या म्हणण्यास शास्त्रीय आधार नसल्याचा खुलासाही केला.

या दालनांचा अंत घरगुती यंत्रांनी केला, असे सामान्यतः सांगितले जाते. ते खोटे नव्हे. पण १९८३ मध्ये घरगुती खेळांचा बाजारही कोसळला होता, हे या स्पष्टीकरणात विसरले जाते. खरी अडचण किमतीची होती. साबणाची किंमत दहा टक्क्यांनी वाढविता येते; नाण्याच्या फटीतून जाणाऱ्या वस्तूची येत नाही. एका नाण्याची दोन नाणी केली की वाढ एकदम शंभर टक्क्यांची. १९७९ चे नवे एक डॉलरचे नाणे लोकांनी स्वीकारले नाही, त्यामुळे तोही मार्ग खुंटला. १९८१ नंतर सुमारे बावीस-तेवीस वर्षांत अमेरिकेतील सर्वसाधारण किंमतपातळी दुपटीवर गेली. यंत्रे, भाडे, पगार वाढले, पावली पावलीच राहिली. (आपल्याकडची पावली महागाईने इतकी निरुपयोगी केली की २०११ साली ती चलनातूनच गेली, अमेरिकेची अद्याप चालते.) मग दालनचालकापुढे एकच वाट उरते : खेळ अवघड करून तो लवकर संपविणे. ही छुपी भाववाढच होय, आणि ती मुलांच्या लक्षात येत नाही असे समजणे भाबडेपणाचे आहे. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ ने काही काळ तारले. दोघे समोरासमोर लढतात, एक हरतो, तिसरा नाणे घेऊन उभाच. पुढे १९९५ मध्ये प्लेस्टेशन २९९ डॉलरला आले, म्हणजे जवळजवळ बाराशे पावल्यांना. यंत्र आणि खेळाची तबकडी एकदा घेतली की पुढच्या प्रत्येक डावाला काहीच मोल नाही. हिशेब चौदा वर्षांच्या मुलालाही करता येण्याजोगा होता.

मात्र त्या पावलीत खेळाखेरीज आणखी काही मिळत असे, ते हिशेबात धरले गेले नाही. मोटार चालविण्याचे वय न झालेल्या उपनगरी मुलाला घर आणि शाळा यांखेरीज तिसरी जागा कोठली? एक नाणे संपल्यावरही इतरांचा खेळ पाहत तासभर उभे राहण्याची तेथे मुभा असे. मॉलचालकांना हळूहळू हेच खटकू लागले. मिनेसोटातील ‘मॉल ऑफ अमेरिका’ने १९९६ मध्ये शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी १६ वर्षांखालील मुलांना प्रौढांच्या सोबतीची अट घातली. पुढे इतरही मॉल त्या वाटेने गेले. ज्यांनी गर्दी आणली, त्यांनाच गर्दी ठरविण्यात आले.

पुढे कित्येक मॉलही गेले. ओहायोतील रँडल पार्क मॉल १९७६ मध्ये उघडला, २००९ मध्ये बंद झाला, पाडला गेला, आणि २०१८ पासून तेथे अॅमेझॉनचे वखारकेंद्र आहे. जुनी यंत्रे मात्र पुन्हा बाहेर आली आहेत. इलिनॉयमध्ये २०१० साली निघालेल्या एका दालनाने नाणी बाजूस सारून दिवसभराचे एकच प्रवेशमूल्य ठेवले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा उपाय तीस वर्षे उशिरा सुचला. दुसरा प्रकार मद्यालयाचा. ब्रुकलिनमध्ये २००४ साली असे एक निघाले, तेव्हा १९८१ चा चौदा वर्षांचा मुलगा सदतीस वर्षांचा झाला होता. त्याच्यासाठी तेथे ‘पॅकमॅन’ आहे, बीअर आहे. अशा अनेक ठिकाणी संध्याकाळनंतर २१ वर्षांखालील कोणासही आत घेत नाहीत.