घरातली सायकल: खर्च सेन्सरवर करा, सॉफ्टवेअर फुकटचे चालेल

पावसाळा लागला की रस्त्यावर सायकल चालवणारे बरेच जण घरात येतात. सायकल ट्रेनरवर चढते, म्हणजे मागचे चाक अडकवायच्या स्टँडवर, आणि समोर मोबाइल किंवा लॅपटॉप येतो. मग दवाखान्यात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. “डॉक्टर, कोणते ॲप घेऊ?” आणि “माझे वॅट किती असायला हवेत?”

माझे मत आधीच सांगून टाकतो. आरोग्यासाठी सायकल चालवणाऱ्याला दरमहा पैसे भरून सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही. मोफत साधने पुरेशी आहेत. पैसे खर्च करायचेच असतील तर ते आकडा मोजणाऱ्या यंत्रावर करा. आणि कोणतेही ॲप पहिल्याच दिवशी जी दमछाक करणारी चाचणी घ्यायला सांगते, ती चाळिशी ओलांडलेल्या किंवा बीपी, मधुमेह, हृदयविकार असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

वॅट म्हणजे नेमके काय?

पेडलवर तुम्ही किती जोर लावता आणि पेडल किती वेगाने फिरवता, या दोन्हींचा मिळून होणारा हिशोब म्हणजे वॅट. घरातल्या बल्बवर लिहिलेला असतो तोच हा वॅट. वाऱ्यामुळे, चढामुळे किंवा रात्री झोप न झाल्यामुळे तो बदलत नाही. ८० वॅट म्हणजे ८० वॅटच.

डॉक्टर म्हणून मला हा आकडा तीन कारणांसाठी आवडतो.

पहिले कारण, नाडीचे ठोके अनेकदा फसवतात. मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, ॲटेनोलोल अशी बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेणाऱ्यांचे ठोके व्यायामात फारसे वाढतच नाहीत. अशा रुग्णाने ‘२२० वजा वय’ या सूत्राने ठरवलेले ठोके गाठायचा प्रयत्न केला, तर तो झेपणार नाही इतका जोर लावून बसेल. गोळी नसली तरी हे सूत्र एखाद्या माणसाच्या बाबतीत १०-१२ ठोक्यांनी सहज चुकते.

दुसरे कारण, घरात वारा नसतो. बंद खोलीत, मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत घाम सुकत नाही, शरीर तापते आणि तेवढ्याच मेहनतीला ठोके हळूहळू वर जात राहतात. ठोके वाढले म्हणजे व्यायाम वाढला असे अनेकांना वाटते. वॅटचा आकडा खरे काय ते सांगतो.

तिसरे कारण, कॅलरी. वॅट नसताना ॲप दाखवते त्या कॅलरी म्हणजे अंदाज. वॅट असतील तर हिशोब सोपा आहे. ८० वॅटने ४५ मिनिटे सायकल चालवली की २१६ किलोज्यूल काम होते. आपले स्नायू मिळालेल्या ऊर्जेचा साधारण पाव भागच पेडलपर्यंत पोहोचवतात, बाकीची उष्णता होते. त्यामुळे खर्च झालेल्या कॅलरीही जवळपास तेवढ्याच, म्हणजे २१५-२२० च्या आसपास येतात. इतक्यात एक वडापावसुद्धा पुरता जिरत नाही! हा आकडा निराश करणारा असेल, पण खरा आहे. वजन कमी करायचे असेल तर ताटाकडे बघावेच लागेल.

आधी सेन्सर, मग सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअर कितीही महागडे असले तरी त्याला मिळणारा आकडा चुकीचा असेल तर विश्लेषणही चुकीचेच निघणार. आकडा मिळवायचे तीन मार्ग आहेत.

* साधा ट्रेनर आणि वेगाचा सेन्सर: सर्वांत स्वस्त. चाकाच्या वेगावरून ॲप वॅटचा अंदाज बांधते. टायरमधली हवा आणि चाकावर रोलर किती घट्ट बसवला आहे यावर हा अंदाज हलतो. म्हणून दर वेळी हवा सारखी ठेवा. सगळी ॲप असा सेन्सर स्वीकारत नाहीत, ते आधी तपासा.
* स्मार्ट ट्रेनर: वॅट स्वतःच सांगतो आणि ॲपच्या सूचनेप्रमाणे पेडल जड-हलके करतो. स्वस्त ट्रेनरमध्ये काही टक्के चूक असते, महागड्यात ती एक-दोन टक्क्यांवर येते.
* पॉवर मीटर: पेडलमध्ये किंवा क्रँकमध्ये बसतो. रस्त्यावरही चालतो, पण केवळ घरात फिरवणाऱ्याला त्याची गरज नाही.

आरोग्याच्या दृष्टीने अचूकतेपेक्षा सातत्य महत्त्वाचे. तुमच्या यंत्राने ८० ऐवजी ८४ दाखवले तरी बिघडत नाही, मात्र ते दर वेळी तसेच दाखवायला हवे. कारण तुलना तुमची तुमच्याशीच करायची आहे. मित्राचे यंत्र वेगळे, वजन वेगळे, वय वेगळे. त्याचे वॅट घेऊन तुम्ही काय करणार?

कोणते सॉफ्टवेअर?

इथे दोन वेगळी कामे आहेत. एक, सायकल चालवताना समोर दिसणारे ॲप. दुसरे, नंतर आकड्यांचा अर्थ लावणारे साधन.

चालवताना वापरायच्या ॲपमध्ये झ्विफ्ट सर्वांत प्रसिद्ध. त्याचे शुल्क महिन्याला सुमारे २० डॉलर आहे, म्हणजे दर महिन्याला भरत राहिल्यास वर्षाला वीस हजार रुपयांच्या आसपास. मायव्हूश हे अबुधाबीचे ॲप मोफत आहे. फुकटचे म्हणून ते कमअस्सल समजू नका. ई-सायकलिंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२० मध्ये झ्विफ्टवर झाली होती, २०२४ ची मायव्हूशवर झाली.

विश्लेषणासाठी दोन नावे लक्षात ठेवा. गोल्डन चीता संगणकावर बसवायचे मोफत सॉफ्टवेअर आहे. ताकदवान आहे, पण पहिल्यांदा उघडले की आलेखांच्या गर्दीने माणूस गांगरतो. इंटरव्हल्स डॉट आयसीयू ब्राउझरमध्येच चालते आणि त्यातली जवळपास सगळी कामे पैसे न देता होतात. (नावातल्या ‘आयसीयू’चा अतिदक्षता विभागाशी संबंध नाही!) नवख्याला मी दुसरे सुचवेन.

ॲप निवडताना चित्रे किती सुंदर आहेत हे नंतर बघा. आधी तीन गोष्टी तपासा. ठरवून दिलेल्या व्यायामाची तीव्रता एका बोटाने कमी करता येते का? तुमच्या व्यायामाची नोंद फाइलच्या रूपात बाहेर काढता येते का, म्हणजे उद्या ॲप बदलले तरी जुने आकडे हाताशी राहतील? आणि तुमच्याकडे असलेल्या यंत्राशी ते जुळते का?

एफटीपी चाचणीची घाई नको

एफटीपी म्हणजे साधारण तासभर टिकवता येतील असे जास्तीत जास्त वॅट. बहुतेक ॲप याच आकड्यावर व्यायाम बेततात. तो काढायला वीस मिनिटे जीव तोडून पेडल मारायचे आणि सरासरीच्या ९५ टक्के धरायचे. किंवा दर मिनिटाला वाढत जाणाऱ्या भारावर पाय थांबेपर्यंत चालवायचे आणि शेवटच्या सर्वोत्तम मिनिटाच्या ७५ टक्के धरायचे.

दवाखान्यात आम्ही ट्रेडमिलवर तणाव चाचणी करतो तेव्हा ईसीजी चालू असतो, बीपी मोजला जातो, शेजारी डॉक्टर असतो. घरातल्या खोलीत यातले काहीच नसते. स्पर्धेत उतरणाऱ्या तरुणाला ही चाचणी उपयोगी आहे. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला त्यातून मिळणारा फायदा नगण्य आणि धोका नाहक आहे.

त्याऐवजी हे करा. दहा मिनिटे हलके पेडल मारा. मग भार हळूहळू वाढवा. पूर्ण वाक्य बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, अशा ठिकाणी थांबा. तिथे जे वॅट दिसतील ते तुमचे कामाचे वॅट. ते ६० असोत की १३०, लाजण्यासारखे काही नाही.

आता महिन्यातून एकदा, त्याच वेळी, तोच पंखा लावून, त्याच वॅटवर वीस मिनिटे चालवा आणि ठोके लिहून ठेवा. पूर्वी ८० वॅटला १२८ ठोके होते आणि आता ११८ आहेत, तर हृदय तेच काम कमी कष्टात करू लागले आहे. मला रुग्णाच्या वहीत हा एवढाच आलेख हवा असतो. मात्र औषध किंवा त्याचा डोस बदलला असेल तर तुलना नव्याने सुरू करा.

स्मार्ट ट्रेनरमध्ये वॅट आपोआप कायम ठेवायची सोय असते, तिला ईआरजी मोड म्हणतात. त्यात तुम्ही दमून पाय मंदावले की यंत्र पेडल आणखी जड करते. सुरुवातीचे काही आठवडे ही सोय बंद ठेवा.

या गोष्टी पाळा

* जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम पुरे. सोबत दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम हवेतच. ते सायकलने भरून निघत नाहीत.
* समोर मोठा पंखा आणि हाताशी पाणी, यांशिवाय सुरुवात करू नका.
* इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर आधी साखर तपासा आणि जवळ ग्लुकोज ठेवा.
* छातीत दाब, जबडा किंवा हातात कळ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप किंवा अनियमित धडधड जाणवली तर तत्काळ थांबा. पाच मिनिटांत बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवा. ॲपवरचे लक्ष्य अपुरे राहिले तर राहू द्या.

पैशांचा क्रम माझ्या मते असा असावा: आधी उंचीला नीट जुळवलेली सीट आणि पंखा, मग दर वेळी सारखाच आकडा देणारा सेन्सर किंवा ट्रेनर, मग मोफत ॲप. सहा महिने नियमित चालवून झाल्यावरही पैसे भरून घ्यायच्या ॲपची ओढ वाटली तर जरूर घ्या. तोवर सवय लागलेली असेल, आणि तुमच्या तब्येतीत फरक पडणार तो त्या सवयीनेच.