सुराबायाचा हिशेब



लढाई म्हटली की आपल्यासमोर प्रतापगड येतो, पावनखिंड येते. चौथीच्या बुकात जेवढे होते तेवढेच आपण शिकलो, आणि पुढं पोटामागं लागलो. पण जावा बेटावर सुराबाया नावाचे मोठे बंदर आहे. तिथे १९४५ साली इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची पहिली मोठी झुंज झाली, आणि त्या झुंजीत आपल्या घाटावरची न् कोकणातली पोरं बंदूक घेऊन उभी होती. हे कुठल्या बुकात नव्हते. उभी होती ती कुठल्या बाजूला, हे तर कुणी बोलतही नाही. आम्ही आज बोलणार आहोत.

डच व्यापारी त्या बेटांवर आले मिरी-लवंगेसाठी, आणि बसले ते तीनशे वर्षे उठले नाहीत. मग साखर, रबर, कथील, तेल. सगळे जहाजात भरून हॉलंडला. १९४२ साली जपान्यांनी डचांना हाकलले, आणि १९४५ च्या ऑगस्टात जपानच पडला. दोन दिवसांत, १७ ऑगस्टला, सुकर्णो आणि हट्टा यांनी जाकार्तात स्वातंत्र्य पुकारले. मालक पळालेला, मुकादम शरण गेलेला. मग कामगारांनी म्हटलं, कारखाना आमचा. यात चूक काय झाली?

पण डचांना बेटे परत पाहिजे होती. सुराबायाच्या एका हॉटेलावर १९ सप्टेंबरला त्यांनी आपले तिरंगी निशाण चढवले : तांबडा, पांढरा, निळा. शहरातली पोरं वर चढली आणि त्यांनी खालचा निळा पट्टा फाडून टाकला. उरले तांबडे-पांढरे, म्हंजे इंडोनेशियाचे निशाण! नवे कापड आणायचीसुद्धा गरज पडली नाही.

डचांपाशी तेव्हा फौज नव्हती. ती दिली इंग्रजाने. आणि इंग्रजाने दिली म्हणजे कुणी दिली? फौज बहुतेक हिंदी. २५ ऑक्टोबरला सुराबायाला ४९ वी हिंदी ब्रिगेड उतरली. तिच्यात तीन पलटणी, आणि तीनपैकी दोन मराठा लाइट इन्फंट्रीच्या! ज्या पलटणीची ललकारी शिवछत्रपतींच्या नावाची, ती पलटण दुसऱ्याचे स्वराज्य मोडायच्या कामाला जुंपली. सांगितले होते वेगळे : जपान्यांची हत्यारे काढून घ्या, छावणीतले कैदी, बायामाणसे, लेकरे सोडवा. हे काम खरेच होते, आणि ते माणुसकीचेही होते. पण दोन दिवस होत नाहीत तोच विमानातून पत्रके पडली की सगळ्यांनी शस्त्रे खाली ठेवा, नाहीतर गोळी. ब्रिगेडियर मॅलबी यांनी गावच्या पुढाऱ्यांशी केलेला करार वरच्या साहेबाने एका कागदाने मोडला. करार मोडणे म्हंजे काय असते, ते आपल्याला शिकवावे लागत नाही.

२८ ऑक्टोबरला शहर उठले. आपली पोरं शहरभर लहान लहान तुकड्यांत विखुरलेली. चोहोबाजूंनी हजारो माणसांचा वेढा, कुणाच्या हाती जपानी बंदूक, कुणाच्या हाती नुसता टोकदार बांबू. दोन-तीन दिवसांत ब्रिगेडची शेकडो माणसे मेली, जखमी झाली. डच बायका-मुलांच्या लॉऱ्यांवरही गोळीबार झाला, त्यांना राखणारे हिंदी शिपाई जागेवर पडले. हे आम्ही लपवणार नाही. लढा न्याय्य असला म्हणून त्यातले प्रत्येक कृत्य न्याय्य होत नाही.

सुकर्णोंना विमानाने आणून तह झाला, पण ३० तारखेला मॅलबी मारले गेले. मग साहेबाने सूड धरला. पाचवे हिंदी डिव्हिजन आले, रणगाडे आले, लढाऊ जहाजे आली. ९ नोव्हेंबरला हुकूम निघाला : पुढाऱ्यांनी संध्याकाळपर्यंत हात वर करून यावे. कुणी आले नाही. १० नोव्हेंबरला सकाळी सहा वाजता जमिनीवरून, समुद्रातून आणि आभाळातून मारा सुरू झाला. बुंग टोमो नावाचा पंचविशीचा तरुण रेडिओवरून लोकांना पेटवत होता. गल्लीगल्लीला लढत ते तीन आठवडे टिकले. किमान सहा हजार माणूस मेला. काही हिशेब त्याच्या दुपटीच्याही वर जातात. शहर गेले. लढाई ते हरले, आणि तरी १० नोव्हेंबर हा इंडोनेशियाचा वीरदिन झाला! कारण त्या दिवशी इंग्रजाला उमजले की हे काही चार गुंडांचे बंड नव्हे. वर्षभरात, १९४६ च्या नोव्हेंबरअखेर, त्याने फौज काढून घेतली.

आता आपल्या पोरांचे काय? त्यांना गद्दार म्हणायचे? आम्ही म्हणणार नाही. साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या ज्या घरातला एक भाऊ गिरणीत यायचा, त्याच घरातला दुसरा पलटणीत जायचा. एकच दुष्काळ, एकच सावकार. काही हिंदी शिपाई बंदुकीसकट तिकडे जाऊन मिळाले, त्यांना सलाम. पण जे मिळाले नाहीत त्यांच्यावर बोट दाखवण्याआधी ज्याने त्यांना जहाजात भरले त्याचे नाव घ्या.

आणि मुंबई त्या वेळी गप्प नव्हती. १८ फेब्रुवारी १९४६ ला 'तलवार'वरच्या नाविकांनी बंड केले. सडके अन्न, शिव्या, कमी पगार ही त्यांची गाऱ्हाणी आपल्याला माहीत आहेत. पण त्याच मागण्यांत एक मागणी होती : हिंदी फौज इंडोनेशियातून परत आणा. पोटाला नीट मिळत नाही अशा माणसाने परक्या मुलखासाठी मागणी लिहिली! २२ तारखेला त्यांच्या पाठीशी गिरण्या बंद पडल्या, परळ-लालबागला गोळ्या चालल्या, आणि त्या दिवसांत या शहरात दोनशेहून जास्त माणसे मेली. त्या आधी ऑस्ट्रेलियाच्या गोदी कामगारांनी डच जहाजे भरायला नकार दिला होता, आणि तिथले हिंदी खलाशीही त्यात उतरले. माल भरणाऱ्याने हात बांधले की तोफ नुसते लोखंड.

पुढची हकीकत थोडक्यात. मार्च १९४६ ला बांडुंगच्या लोकांनी शहर शत्रूच्या हाती देण्यापेक्षा आपल्या हाताने दक्षिण भाग पेटवला आणि दोन लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली. जुलै १९४७ ला डचांनी 'पोलिस कारवाई' केली. तिचे गुप्त नाव काय ठेवले होते? 'प्रॉडक्ट'! मळे आणि तेलविहिरी ताब्यात घ्यायच्या, म्हणून 'प्रॉडक्ट'. एवढे खरे नाव कुठल्या लढाईला क्वचितच मिळाले असेल. डिसेंबर १९४८ ला त्यांनी जोगजाकार्ता घेतले, सुकर्णो-हट्टांना पकडले. पण सेनापती सुदिरमान हाती लागले नाहीत. पूर्वीचे शाळामास्तर, क्षयाने एक फुप्फुस निकामी झालेले. माणसांनी त्यांना डोलीत घालून डोंगर-रानातून फिरवले, आणि डोलीतून त्यांनी फौज चालवली. १ मार्च १९४९ ला त्यांच्या लोकांनी जोगजाकार्ता सहा तास ताब्यात ठेवले. सहाच तास, पण इंडोनेशियाची फौज संपली, हा डचांचा डंका तेवढ्यात खोटा पडला.

२७ डिसेंबर १९४९ ला डचांनी सत्ता सोडली. महिन्याभराने सुदिरमान वारले, वय चौतीस. आणि सत्ता सोडताना डचांनी नव्या राष्ट्राच्या गळ्यात ४३० कोटी गिल्डरचे कर्ज बांधले. त्यात त्यांना चिरडायला झालेला लष्करी खर्चही होता! मारलेल्या काठीचे पैसेही मार खाणाऱ्याने भरायचे. बरेचसे भरून १९५६ साली इंडोनेशियाने उरलेले झटकून टाकले.

तुमच्यापैकी कुणाचा आजा, चुलतआजा मराठा पलटणीत होता, त्याच्या ट्रंकेत जावाहून आलेले पत्र असेल, बिल्ला असेल, फोटो असेल, तर तो बाहेर काढा. आपल्या भागातल्या युनियनच्या कार्यकर्त्याला दाखवा. तो तिथे काय पाहून आला, कुणावर गोळी झाडावी लागली, रात्री काय बोलायचा, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि लिहून घ्या. शुद्धलेखनाची चिंता करू नका, आम्हीही चौथीच शिकलो आहोत.