घरच्या साखरेलाही काटा लावा



हंगाम सुरू झाला की आपल्या साऱ्यांचे डोळे कारखान्याच्या वजनकाट्यावर असतात. गाडी काट्यावर चढली की किती भरली ते दोनदा विचारून घेतो. पावतीत थोडा फरक वाटला तर शेतकी ऑफिसात जाऊन भांडतो, आणि भांडलेच पाहिजे. परंतु त्याच उसाची साखर सभासद कार्डावर घरात आली, की तिचा हिशेब कोणी विचारत नाही. डबा रिकामा झाला की भरायचा, एवढेच आपल्याला ठाऊक. कारखान्याच्याच अंकात 'साखर बेताने खा' असे लिहिलेले काहींना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. तरी लिहितो, कारण गोष्ट माझ्या अंगावरून गेलेली आहे.

दोन हंगामांपूर्वी तोडणी चालू असताना तोडलेल्या उसाचा बुडखा माझ्या पायात गेला. अशा जखमा आपल्याला नव्या नाहीत. हळद भरली, फडके बांधले आणि कामाला लागलो. पण महिना झाला तरी जखम भरेना. शेवटी मुलगा नागपूरला डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी पाय पाहिला आणि आधी रक्त तपासायला लावले. उपाशीपोटी साखर १९० निघाली. १२६ किंवा त्यावर गेली की मधुमेह समजतात.

मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, मी राबणारा माणूस. हा तर शेठलोकांचा रोग!" त्यांनी एवढेच विचारले, "दिवसातून चहा किती वेळा होतो? आणि शेतात जाता कसे?"

घरी येऊन आम्ही दोघांनी प्रथमच हिशेब मांडला. चहा सहा वेळा, दर कपाला दोन चमचे. म्हणजे बारा चमचे, जवळजवळ पन्नास ग्रॅम साखर नुसत्या चहातून. बिस्किटे, पाहुण्यांकडचे पेढे, रसवंतीचा रस वेगळाच. आणि राबणे म्हणाल, तर बाप पायी शेतात जात असे. मी मोटरसायकलवर जातो. तो मोट हाकीत असे. मी बटण दाबतो. काम अर्धे झाले, खाणे मात्र तेच राहिले, उलट गोडाने वाढले.

माझे एकट्याचेच असे नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेली देशभरची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले सुमारे १३ कोटी ६० लाख आहेत. साखर खाल्ली म्हणून लगेच मधुमेह होतो असे नव्हे. वाढते वजन, बैठे काम, घराण्यातला वारसा, ही सारी कारणे त्यात आहेत. परंतु जादा साखर वजन वाढवते आणि वजन हा रोग ओढून आणते, एवढे खरे.

मग खावी तरी किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत असली तर अधिक बरे. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. यात चहा, बिस्कीट, मिठाई, सरबत सारे आले. थंड पेयाची एक लहान बाटली घेतली की तेवढ्यातच दिवसाचा कोटा संपतो.

आपल्या नागपुरात या विषयावरून मध्यंतरी बराच गलबला झाला. २०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांत व संस्थांत तेल-साखरेचे फलक लावण्याची सूचना केली. कोणत्या पदार्थात किती तेल, किती साखर, हे खाणाऱ्याला दिसावे, एवढाच हेतू. नागपूरच्या एम्सचे नाव बातम्यांत आले आणि आवई उठली, की समोसा-जिलबीवर आता सिगारेटसारखा इशारा लागणार! जुलैत मंत्रालयाला खुलासा करावा लागला, की कोणा एका पदार्थावर किंवा ठेलेवाल्यावर रोख नाही. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रीय शिक्षण मंडळानेही आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले होते.

आमच्या गावच्या पारावर तेव्हा एक सभासद म्हणाले, "भाऊ, आपणच ऊस लावाचा, अन् आपणच साखर नोका खाऊ म्हणाचं, मंग कारखाना चालन कसा?" प्रश्न रास्त आहे. त्याला भावनेने नव्हे, हिशेबाने उत्तर देतो.

पाच माणसांचे घर धरा. माणशी २५ ग्रॅमप्रमाणे महिन्याला पावणेचार किलो साखर होते, वर्षाला ४५ किलो. दहा टक्के उतारा धरला तर ही साखर अर्ध्या टनापेक्षाही कमी उसातून निघते. समजा आज घरात महिन्याला आठ किलो लागते आणि आपण ती पावणेचारवर आणली. वर्षाला वाचले ५१ किलो, म्हणजे अर्धा टन ऊस. एवढा ऊस तर आपल्या एका सरीच्या कोपऱ्यात उभा असतो! देशातल्या साखरेचा मोठा वाटा मिठाईवाले, पेयवाले आणि बिस्किटांचे कारखाने उचलतात. शिवाय उसापासून इथेनॉल होते, आणि पेट्रोलमध्ये ते वीस टक्के मिसळण्याचा टप्पा देशाने २०२५ मध्ये गाठला. तेव्हा आपल्या चहातला चमचा कमी झाल्याने गव्हाण बंद पडणार नाही. घरचा कर्ता अंथरुणाला खिळला, तर शेत मात्र नक्की पडीक पडेल.

काहीजण म्हणतात, साखर नको, गूळ खातो. गुळात थोडे लोह वगैरे असते हे खरे, पण रक्तात गेल्यावर तोही साखरच. मधुमेह्याने त्याला औषध समजू नये. रसाचा पेलाही तसाच. आपल्या शेतचा असला तरी त्यात पंचवीस-तीस ग्रॅम साखर सहज असते.

आमच्या घरी आम्ही काय केले ते सांगतो. चहातली साखर एकदम तोडली नाही. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी केला. जिभेला कळलेसुद्धा नाही. सहाचे तीन चहा केले. रात्रीच्या जेवणात ज्वारीची भाकरी परत आणली. ज्वारी आपल्या वऱ्हाड-नागपूरचे जुने धान्य. रेशनच्या गहू-तांदळाने ती मागे पडली होती. सोबत वरण, आंबाडीची नाही तर चवळीची भाजी, जवसाची चटणी. तर्री-पोहे आणि सावजी रस्सा सोडलेला नाही, पण तो आता रविवारचा मान झाला. मिठाची बरणी ताटाजवळून उचलली, कारण दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ बस आहे, आणि लोणचे-पापडातून ते आधीच आलेले असते.

आणखी एक गोष्ट मी सर्वात मोलाची समजतो. जेवताना टीव्ही आणि मोबाईल बंद. पूर्वी श्लोक म्हणून पहिला घास घेत, त्यात भक्ती तर होतीच, पण चित्त ताटावर यायचे. पोट भरल्याची जाणीव व्हायला वीसेक मिनिटे लागतात. गप्पकन जेवणाऱ्याला ती कळण्याआधीच दोन पोळ्या जास्त जातात. आणि घरची बाई सर्वांच्या मागून, उरलेसुरले, उभ्या-उभ्या खाते, ही चाल मोडलीच पाहिजे. आता रात्री आम्ही सारे एका पंगतीत बसतो. तिच्याही तब्येतीचा विचार यामुळे आमच्या घरात प्रथमच सुरू झाला, हे सांगायला मला लाज वाटते, पण खरे आहे. जेवण झाल्यावर दोघे गावाच्या वेशीपर्यंत चालून येतो. माझी जखम भरली. गोळी चालू आहे. ज्यांना गोळी किंवा इंजेक्शन आहे त्यांनी जेवण टाळू नये आणि बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

शेवटी संचालक मंडळाला एक विनंती. येत्या वार्षिक सभेत मी ती मांडणारच आहे. सभासद साखरेच्या कार्डावर एक ओळ छापावी : 'माणशी रोज २५ ग्रॅम पुरे.' काट्याजवळ चहाची टपरी आहे, तिथे साखरेचा फलक लावावा. हंगामाच्या सुरुवातीला सभासद, कामगार आणि तोडणी मजूर यांची रक्त तपासणी गाळपाच्या आवारातच व्हावी. मुंबई-दिल्लीच्या लोकांनी साखरेवर बोट ठेवण्यापेक्षा, साखर पिकवणाऱ्यांनीच खरे माप सांगितलेले काय वाईट?

काट्याचे महत्त्व आपल्याइतके कोणाला कळणार? तो आता घरच्या डब्याशेजारीही ठेवू या.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद