कोविडवर्षाचा मार्चएंड

येत्या मंगळवारी, 31 मार्च 2026 रोजी, 2020-21 या आर्थिक वर्षाचे राहून गेलेले प्राप्तिकर विवरणपत्र भरण्याची शेवटची संधी संपेल. त्या वर्षाचे आकारणी वर्ष 31 मार्च 2022 रोजी संपले आणि तिथून मोजलेले 48 महिने आता पुरे होत आहेत. एरवी ही बातमी करसल्लागारांच्या व्हॉट्सॲप गटापुरतीच राहिली असती. पण हे साधे वर्ष नव्हे. देश कुलूपबंद असताना ते सुरू झाले आणि दुसरी लाट उंबरठ्यावर आलेली असताना संपले. मार्चएंडला पाटी पुसून मोकळे व्हावे, असे ते वर्ष नाही.

ते रिटर्न का राहिले, याची कारणे घरोघरी वेगळी. कुणाची नोकरी सप्टेंबरात गेली आणि फॉर्म सोळा देणारी कंपनीच गुंडाळली गेली. कुणी पीएफ काढून घर चालवले, कुणी एफडी मोडल्या. रिटर्नची मुदत आधी 31 जुलै 2021 होती, ती 30 सप्टेंबरवर गेली, तिथून 31 डिसेंबरवर. मधल्या काळात 7 जून 2021 ला खात्याने नवे कोरे पोर्टल आणले. ते इतके अडखळले, की ऑगस्टमध्ये अर्थमंत्र्यांनी ते बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांना बोलावून जाब विचारला. ‘सर्व्हर चालत नाही’ हे वाक्य त्या वर्षी सबब नव्हते, वस्तुस्थिती होती. मग ज्यांचे राहिले त्यांचे राहूनच गेले.

आणि काही रिटर्न माणूसच राहिला नाही म्हणून राहिले. एप्रिल-मे 2021 मध्ये जे गेले, त्यांनी ते आर्थिक वर्ष पूर्ण जगले होते. पगार घेतला होता, व्याज मिळवले होते, टीडीएस कापून घेतला होता. रिटर्नची मुदत आली तेव्हा भिंतीवर फोटो होता. कायदा म्हणतो, मृताच्या वतीने वारसाने विवरणपत्र भरायचे. त्यासाठी पोर्टलवर वारस म्हणून नोंद करायची. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, दोघांचे पॅन, सगळे चढवायचे. वारसाची जबाबदारी हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच असते, हेही कायद्यात आहे, पण ते त्या घरात कुणी सांगितलेले नसते. ज्या बाईने नवऱ्याच्या हयातीत बँकेचे पासबुकही भरून आणले नव्हते, तिने हे कधी आणि कुणाला विचारून करायचे होते? अशी घरे तुमच्याआमच्या ओळखीत आहेत. त्यांतली प्लास्टिकची फाइल अजून तशीच कपाटात असते, कारण ती उघडली की बाकीचेही सगळे उघडते.

हे सांगायचे कारण असे, की जुने रिटर्न न भरणारा माणूस आपल्याकडे सरसकट ‘चुकवणारा’ समजला जातो. प्रत्यक्षात त्यांतले बरेचसे नुसते घाबरलेले असतात. एक वर्ष राहते. दुसऱ्या वर्षी भरायला जावे तर मागचे विचारतील म्हणून तेही राहते. तिसऱ्या वर्षी घोंगडे इतके भिजते, की उचलवत नाही. मेसेजमध्ये खात्याचे नाव दिसले की छातीत धस्स होते. तुरुंगाची भीती तर हमखास. वास्तविक टीडीएस आणि आगाऊ कर वजा जाता देणे दहा हजारांच्या आत असेल, तर व्यक्तीवर विवरणपत्र न भरल्याचा खटला भरता येत नाही. कागद हरवल्याची भीतीही आता फारशी खरी नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये आलेल्या खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, नेमकी 2020-21 पासूनचीच नोंद आहे: व्याज, लाभांश, शेअर, कापलेला कर. आपण जे विसरलो ते खात्याला पाठ आहे.

मग उशिरा का होईना, स्वतःहून येणाऱ्याला किती पडते? अद्ययावत विवरणपत्राची सोय 2022 मध्ये आली, तेव्हा मुदत 24 महिने होती, 2025 मध्ये ती 48 झाली. कर आणि व्याज यांच्या बेरजेवर पहिल्या वर्षी 25 टक्के जादा, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 60 आणि चौथ्या वर्षी 70. आज कोविडवर्षाचा वीस हजार कर भरायला निघालेल्याचे हे चौथे वर्ष आहे. दरमहा एक टक्क्याने नुसत्या विलंबाचे व्याज दहा हजारांच्या घरात गेले आहे. त्या तीस हजारांवर 70 टक्के म्हणजे आणखी 21 हजार. वीसचे झाले 51, आणि विलंब शुल्क वेगळे. आगाऊ कर भरला नाही म्हणून लागणारे व्याज तर यात धरलेलेच नाही.

कर बुडवणाऱ्याला चटका बसावा, याला आमची हरकत नाही. पण 1997 ची स्वेच्छा घोषणा योजना आठवते का? वर्षानुवर्षे दडवलेल्या उत्पन्नावर व्यक्तींनी सरळ 30 टक्के भरायचे. व्याज नाही, दंड नाही, खटला नाही. 2016 च्या योजनेत 45 टक्के, म्हणजे तीस टक्क्यांच्या कमाल दराच्या दीडपट. ठरवून लपवणाऱ्यांना इतकी सवलत देणाऱ्या व्यवस्थेत, उशिरा का होईना आपल्या पायांनी चालत आलेल्या पगारदाराला व्याजासकट अडीचपट मोजावे लागतात. दडवणे वेगळे आणि राहून जाणे वेगळे, हा फरक गावातल्या किराणा दुकानदारालाही उधारीच्या वहीत करता येतो. कायद्याला तो करता येऊ नये?

याहून खटकणारी बाजू दुसरी आहे. ज्यांचे पैसे सरकारकडे अडकले आहेत, त्यांना हे दार मुळातच बंद आहे. अद्ययावत विवरणपत्र भरून परतावा मागता येत नाही. समजा, एका भाषांतरकाराला त्या वर्षी साडेतीन लाख मिळाले आणि त्यावर साडेसात टक्के टीडीएस कापला गेला (कोविडमुळे तेव्हा दर दहावरून उतरवला होता). ते 26,250 रुपये झाले. पाच लाखांच्या आतल्या उत्पन्नावर सवलत असल्याने कर शून्य, म्हणजे ते सगळेच त्याचे. पण मुदत टळल्यामुळे आता त्याने विलंब माफीचा अर्ज करायचा, खरीखुरी अडचण होती हे पटवून द्यायचे आणि प्रधान आयुक्तांच्या निर्णयाची वाट पाहायची. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकानुसार अर्ज शक्यतो सहा महिन्यांत निकाली निघावा. मंजूर झाला तरी उशिराच्या परताव्यावर व्याज नाही. द्यायचे असेल तेव्हा महिन्याला टक्का, घ्यायचे असेल तेव्हा अर्जदार!

बुधवारी 1 एप्रिलपासून 1961 च्या कायद्याची जागा नवा प्राप्तिकर कायदा घेईल. ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ ही जोडगोळी जाऊन एकच ‘कर वर्ष’ येईल. चलनात चुकीचे वर्ष टाकून पैसे भलत्याच खात्यात पाठवलेल्या असंख्य लोकांना याचे मोल कळेल. भाषा सोपी झाली, कलमे घटली, हे स्वागतार्हच. पण जुन्या वर्षांचे हिशेब जुन्याच कायद्याने सुटायचे आहेत. म्हणून मंडळाने निदान कोविडवर्षापुरते दोन निर्णय घ्यावेत. वारसांनी भरलेल्या विवरणपत्रांवरचा जादा कर माफ करावा. आणि ठरावीक रकमेच्या आतले परतावे, एआयएसमधल्या नोंदीशी जुळत असतील तर, अर्जविनवण्यांशिवाय थेट बँक खात्यात जमा करावेत. माहिती खात्याच्याच संगणकात पडलेली आहे.

ज्यांना कर भरायचा आहे, त्यांच्या हातात मंगळवारपर्यंतचेच दिवस आहेत. आधी पैसे भरावे लागतात, मगच विवरणपत्र जाते, तेव्हा मंगळवारच्या रात्रीवर विसंबू नये. ज्यांना पैसे परत घ्यायचे आहेत, त्यांची विलंब माफीच्या अर्जाची मुदत आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांची आहे. कपाटातल्या त्या फाइलीसाठी ती 31 मार्च 2027 ला संपेल.