फळगळीची नोंद आणि कचेरीचे शिक्षण

श्रावण उतरणीस लागला की कारंजा (घाडगे) तालुक्यातील संत्र्याच्या बागांत सकाळी फिरणाऱ्या बागाईतदाराची नजर झाडावर कमी आणि झाडाखालच्या जमिनीवर अधिक असते. आंबिया बहराचे फळ चांगले पोसलेले असते, अजून हिरवे असते, आणि रात्रीतून गळून पडलेले असते. कुणाच्या बागेत दहा झाडांमागे टोपली भरते, कुणाच्या बागेत एकेका झाडाखाली. बागाईतदार त्यांतली चार फळे रुमालात बांधतो आणि तालुक्याच्या गावी येतो. ही चार फळे ज्या ज्या मेजावर ठेवली जातात, त्या त्या मेजावर त्यांना निराळे उत्तर मिळते.

औषधाच्या दुकानात फवारणी सांगितली जाते, आणि ती तेथेच विकत मिळते. किडींचा जाणकार फळावरील बारीक छिद्र दाखवून रात्री येणाऱ्या रसशोषक पतंगाचे नाव घेतो. रोगांचा जाणकार देठाजवळचा काळा डाग पाहून बुरशीचा निर्वाळा देतो. जमिनीचा जाणकार फळाकडे फारसे पाहतच नाही. बागेत पाणी किती दिवस साचून होते, एवढेच विचारतो. यांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. फळगळ हे एका कारणाचे दुखणेच नव्हे. भारी काळ्या जमिनीत आषाढ-श्रावणाची झड लागली म्हणजे मुळांना हवा मिळत नाही, झाडाचे पोषण तुटते आणि फळ पिवळे पडून गळते. उन्हाळ्यात वाळलेल्या काड्या, म्हणजे सल, झाडावर तशाच राहिल्या तर त्यांवरची बुरशी पावसाळ्यात फळाच्या देठाशी पोचते. पतंग व फळमाशी यांचा उपद्रव आणखी वेगळा. एकाच बागेत ही सर्व कारणे एकाच आठवड्यात नांदू शकतात. म्हणून चार जाणकारांनी चार ठिकाणी बसून दिलेली चार खरी उत्तरे मिळून बागाईतदाराच्या हाती एकही उपयोगी उत्तर येत नाही. पदरी येतात ती चार औषधांची बिले.

काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी, आष्टी आणि कारंजा हा सारा संत्र्याचा पट्टा आहे. येथे ज्ञानाचा तुटवडा आहे असे म्हणवत नाही. नागपुरास केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, अकोल्यास १९६९ साली स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, जिल्ह्यातच सेलसुरा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तालुक्यास कृषी अधिकारी आहेत आणि गावोगावी जाणारे कर्मचारी आहेत. तुटवडा आहे तो या सर्वांच्या परस्पर शिकण्याचा.

माणूस शिकतो हे सर्वांस मान्य आहे. पण कचेरी शिकते, म्हणजे नेमके काय होते? एखाद्या कर्मचाऱ्याने सहा वर्षे एका सजात काढली. कोणत्या नाल्याकाठच्या बागांत डिंक्या आधी दिसतो, कोणत्या शिवारात पाण्याचा निचरा होत नाही, कोणत्या रोपवाटिकेची कलमे खाली, जमिनीलगत बांधलेली निघाली, हे सारे त्याने जाणले. मग त्याची बदली झाली. नव्या कर्मचाऱ्यास पहिल्या दिवशी कपाटाची किल्ली मिळाली, शिक्के मिळाले, अपुरी राहिलेली उद्दिष्टे मिळाली. पण ते सहा वर्षांचे जाणणे मिळाले नाही. येथे माणूस शिकला, कचेरी शिकली नाही. जुन्या माणसास शेवटच्या दिवशी जे ठाऊक होते, ते नव्या माणसास पहिल्या महिन्यात ठाऊक होते काय, हीच कचेरीच्या शिक्षणाची खरी परीक्षा होय. संत्र्याच्या बाबतीत तर हे विशेष जाचते. कलम लावल्यापासून झाड फळावर यावयास पाच-सहा वर्षे लागतात. कलमाचा डोळा जमिनीपासून वीतभर उंचीवर बांधला होता की नाही, या चुकीचे फळ दिसू लागेपर्यंत ज्याने कलम निवडावयास सांगितले तो बहुधा दुसऱ्या तालुक्यात असतो.

विस्तारकार्याचा आपल्याकडील इतिहास पाहिला तर हा दोष आजचा नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, पुढील वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा आली आणि ग्रामसेवक हा खेड्याच्या ओळखीचा झाला. ऐंशीच्या दशकात प्रशिक्षण व भेट योजनेने कामास शिस्त लावली. पंधरवड्याची भेट ठरलेली, संपर्क शेतकरी ठरलेला, विषयतज्ज्ञांची मासिक कार्यशाळा ठरलेली. त्या योजनेला नावे ठेवणे आज सोपे आहे. परंतु कोणता कर्मचारी कोणत्या दिवशी कोणत्या गावात असेल हे शेतकऱ्यास आधी कळणे, ही लहान गोष्ट नव्हती. उणीव होती ती अशी, की संदेश वरून खाली जात असे आणि खालून वर केवळ आकडे जात असत. सल्ला शेतात कसा वागला हे सांगण्यास रकानाच नव्हता. १९९८ मध्ये विस्तार, मृदसंधारण व फलोत्पादन या शाखा एका छत्राखाली आल्या. छत्र एक झाले. त्याखालची माणसे एकमेकांशी बोलू लागली असे मात्र आपोआप घडत नाही.

एकदा मात्र खाते खरोखर शिकले, आणि ते अपयशातून शिकले. २००८ च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या स्पोडोप्टेरा अळीने हल्ला केला. शेते पाहता पाहता चाळणी झाली. अळी मोठी होऊन फडशा पाडू लागेपर्यंत कोठे किती आहे याची पक्की माहिती एकत्र नव्हती. जेथे ती कळली, तेथे औषधाची वेळ टळून गेली होती. यानंतर २००९-१० पासून राज्यात कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला क्रॉपसॅप, सुरू झाला. नवी दिल्लीचे राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन संशोधन केंद्र, केंद्राच्या अन्य संशोधन संस्था, राज्यातील कृषी विद्यापीठे आणि कृषी विभाग यांनी यात हात मिळवले. रचना साधी होती. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या शेतात जावयाचे, ठरलेल्या रीतीने किडी मोजावयाच्या, ते आकडे संगणकावर चढवावयाचे; विद्यापीठाने ते पाहून, आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असेल तेथेच उपाय सुचवावयाचा, आणि तो सल्ला पुन्हा गावात यावयाचा. पुढे फळपिकांसाठीही असेच सर्वेक्षण सुरू झाले आणि त्यात संत्र्याचा समावेश झाला.

या रचनेतील मोलाची गोष्ट संगणक नव्हे. मोलाची गोष्ट ही, की शेतातील मोजणी आणि विद्यापीठातील विचार यांच्यात जाणारी व येणारी अशी दोन्ही वाट तयार झाली. मोजणाऱ्यास कळले की आपला आकडा कोणी वाचतो. ज्याचा आकडा वाचला जातो तो मनुष्य सहसा झाडाखाली न बसता शेतात जाऊन मोजतो.

तरीही २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापसाला गाठलेच. ही अळी पानावर दिसत नाही. तिच्यासाठी डोमकळ्या शोधाव्या लागतात, कामगंध सापळ्यातील पतंग रोज मोजावे लागतात आणि हिरवी बोंडे तोडून, फोडून पाहावी लागतात. बाहेरून हिरवेगार दिसणारे पीक पाहून समाधान मानणे हा त्या वर्षीचा पुष्कळांचा अनुभव होता. त्याही ठेचेतून काही शिकणे झाले. फरदड घेऊ नये, हंगामाबाहेर कापूस शेतात उभा ठेवू नये, जिनिंगच्या आवारातही सापळे लावावेत, हे आग्रहाने सांगितले जाऊ लागले. पुढील काही वर्षांत बियाणे १ जूनपूर्वी शेतकऱ्यांस न विकण्याचे आदेशही निघाले. यात ध्यानी घेण्याजोगे असे, की हा उपाय एकट्या शेतकऱ्याचा नव्हे, एकट्या खात्याचाही नव्हे. बियाणे विक्रेता, जिनिंगवाला, शेजारचा शेतकरी आणि कर्मचारी या चौघांपैकी एकाने जरी अंग काढले तरी पतंगाला जागा मिळते.

मग फळगळीच्या बाबतीत अडते कोठे? स्पष्टच सांगावयाचे तर ते ‘निरंक’ या शब्दापाशी अडते. सरकारी पत्रव्यवहारात हा शब्द फार सोयीचा आहे. रकाना भरला जातो, प्रश्न उद्भवत नाही आणि कोणी खुलासा मागत नाही. एखाद्या कर्मचाऱ्याने सांगितलेली फवारणी निष्फळ ठरली, प्रात्यक्षिकाच्या वाफ्यापेक्षा शेजारच्या शेतकऱ्याचे पीक सरस आले, अनुदानावर दिलेली कलमे तिसऱ्या वर्षी डिंक्याने बसली, तर यातले अहवालात काय उतरते? बहुधा काहीच नाही; कारण अपयश लिहिणाऱ्याकडेच अपयशाचा जाब मागण्याची रीत पडली आहे. ही रीत बदलल्यावाचून कितीही प्रशिक्षण दिले तरी व्यर्थ आहे. ज्या मासिक सभेत उद्दिष्टांचे टक्के आधी वाचले जातात, तेथे फसलेल्या गोष्टीसाठी वेळ उरत नाही. सभेचा पहिला अर्धा तास ‘या महिन्यात आपले कोणते सांगणे शेतात खरे ठरले नाही’ एवढ्यासाठी राखून ठेवावा, आणि त्यास तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी स्वतःच्या सल्ल्यापासून आरंभ करावा. वरिष्ठाने आपली चूक आधी सांगितली तरच कनिष्ठाची जीभ मोकळी होते.

शेतकऱ्यांच्या बाबतीत हा मार्ग परदेशात कसास लागलेला आहे. इंडोनेशियात भाताला तपकिरी तुडतुड्याने ग्रासले, तेव्हा असे आढळले की फवारणीने तुडतुड्यांना खाणारे कोळीच आधी मरत होते. १९८६ मध्ये तेथील शासनाने भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी केली आणि १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. आठवड्यातून एक दिवस शेतकरी बांधावर जमत, रोपे तपासत, मोठ्या कागदावर रोपाचे चित्र काढून एका बाजूस शत्रुकिडी व दुसऱ्या बाजूस मित्रकिडी मांडत आणि मग फवारावे की नाही याचा वाद घालत. शिकविणारा उत्तर देत नसे, प्रश्न विचारत असे. आपल्या राज्यातही शेतीशाळा भरतात, २०१८ मध्ये सुरू झालेल्या कृषी संजीवनी प्रकल्पाने वर्धा जिल्ह्यातील गावांतही त्या भरविल्या. पण ज्या शेतीशाळेत शेतकरी तासभर केवळ ऐकतो ती शाळा नव्हे, सभा होय. छायाचित्र मात्र दोहोंचे सारखेच येते.

कारंज्याच्या पट्ट्यात फळगळीची शेतीशाळा अगदी सोप्या रीतीने भरविता येईल. गावातील पाच बागा निवडाव्यात: एक भारी जमिनीची, एक हलक्या जमिनीची, एक ठिबकाची, एक आळ्याने पाणी देणारी आणि एक ज्यात सल वेळेवर काढलेली. प्रत्येक बागेतील ठरावीक दहा झाडांखालची फळे आठवड्यातून एकदा वेचावीत आणि त्यांचे ढीग करावेत. देठाशी काळी पडलेली एकीकडे, छिद्र असलेली दुसरीकडे, डाग वा छिद्र नसता पिवळी पडलेली तिसरीकडे. मोजून आकडे एका वहीत लिहावेत. नंतर ती फळे खड्ड्यात पुरून टाकावीत, म्हणजे रोग व किडी बागेत उरणार नाहीत. कोणत्या बागेत कोणता ढीग मोठा, हे पाहण्यास विद्वत्ता लागत नाही. किडीचे, रोगाचे व जमिनीचे जाणकार यांनी हंगामातून एकदा तरी एकाच दिवशी, त्याच ढिगांभोवती एकत्र उभे राहावे. कचेरीत ते एकमेकांचे म्हणणे खोडीत असतील. ढिगांपुढे त्यांना वाटणी करावी लागेल.

वही मात्र कर्मचाऱ्याची नसावी. ती गावाची असावी, ग्रामपंचायतीत किंवा शेतकरी गटाकडे राहावी, आणि नव्या कर्मचाऱ्याने रुजू होताच आधी ती वाचावी.

यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो खोटा नाही. पंचनामे, योजनांचे अर्ज, पोर्टलवरील माहिती, निरनिराळ्या खात्यांची कामे यांतून कर्मचाऱ्यास बागेत जाण्यास वेळ कोठे आहे? नाहीच. म्हणून नवी वही देताना जुना एक अहवाल बंद करावा. तालुक्यातून दर महिन्यास जाणाऱ्या तक्त्यांपैकी गेल्या वर्षभरात ज्यावर एकदाही उलट विचारणा आली नाही, असा तक्ता शोधणे कठीण जाणार नाही. तो कोणी वाचत नाही हे त्यावरून सिद्धच आहे.

आंबिया बहरासाठी बागा डिसेंबर-जानेवारीत ताणावर सोडल्या जातात. ताण किती दिवस दिला, पाणी कोणत्या तारखेस सोडले, फळ निघाल्यावर सल काढली की नाही, खोडाला बोर्डोमलम केव्हा लावला, या चार नोंदी वहीच्या पहिल्या पानावर त्याच वेळी व्हावयास हव्यात. ऑगस्टमध्ये ढीग मोजावयास बसल्यावर त्या आठवून लिहिता येत नाहीत.